फ्रिजवरचं खोकं आणि माझा फोन

समस्त नातेवाईक, शेजारी आणि हितशत्रू यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझा फोन हयात आहे. प्रकृती ठणठणीत. एका कोपऱ्याचा टवका उडालाय, काचेवर केसाएवढी चीर आहे, पण इतपत खुणा माझ्याही अंगावर आहेत. सकाळी पोटभर चार्ज केला की दिवेलागणीपर्यंत कुरकुरत नाही. भेटायला येणाऱ्यांनी फळं आणू नयेत.

ही घोषणा करावी लागते, कारण आमच्या बनशंकरी भागातल्या घरात या फोनच्या उत्तरक्रियेची तयारी तो आला त्याच दिवशी झाली होती. माझे आधीचे फोन अल्पायुषी. एकाने लग्नाच्या पंगतीत सांबाराच्या पातेल्यात जलसमाधी घेतली. दुसऱ्यावर मीच बसलो. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने पाडव्याला हा फोन आणला तेव्हा सोबत आणखी एक आणला. बटणांचा. तो खोक्यासकट फ्रिजवर ठेवला आणि मला म्हणाली, "अण्णा, हा दसऱ्यापर्यंत टिकला तर ते खोकं मी परत करते. नाही टिकला, तर पुढे बटणं दाबायची."

बटणांचा फोन म्हणजे मला वनवास. रोज सकाळी कॉफी झाली की मी घराण्याच्या ग्रुपवर एक गोष्ट बोलून पाठवतो. आज काकांची फजिती, उद्या शेजाऱ्यांची म्हैस. बेळगावपासून तंजावरपर्यंत पांगलेले आमचे लोक ती ऐकतात. निदान निळ्या खुणा तरी तसं सांगतात. बटणांवरून कसली गोष्ट पाठवणार? आणि बायको रोज फ्रिज पुसताना ते खोकंही पुसायची, इतक्या मायेने की मला धडकी भरायची.

पण काय सांगू, या फोनने नाव काढलं! होसकोट्याच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, तिथे हवेतसुद्धा तेल असतं. माझ्या खिशात या फोनने लोखंडाचा कीस खाल्ला, ऑइल प्यायलं, आणि वर माझ्या गोष्टी ऐकल्या. एकदा मुलीला स्कूटरवरून ऑफिसला सोडून परतताना, उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला तो शर्टाच्या खिशातून उडाला आणि थेट रिक्षाच्या चाकाखाली गेला. मी डोळेच मिटले. उघडले तर रिक्षावाला फोन उलटसुलट करून बघत होता. "इदु फोना, कल्ला सार?" त्याने विचारलं. हा फोन आहे की दगड! काचेवरची चीर ती तेव्हाची. आयुष्यात माझ्या मुलांच्या मार्कांनी मला एवढा अभिमान दिला नव्हता.

खंडेनवमी आली. दसरा उद्यावर. कारखान्यात यंत्रांना केळीचे खांब बांधले, रस्त्यात कुंकू भरलेले कोहळे फुटले, गाड्यांच्या चाकांखाली लिंबं चिरडली. घरी अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, पाटावर विळी, कात्री आणि माझा पाना मांडला. मी पुढे झालो आणि नाटकातल्या राजाने तलवार ठेवावी तसा फोन पान्याशेजारी ठेवला.

"हे कसलं आयुध रे?" अक्का म्हणाली.

"याच्याइतक्या लढाया घरात कुणी केल्यात?"

"सरी, सरी, असू दे," म्हणत अक्काने फोनला ओलं हळदकुंकू लावलं, वर भरघोस अक्षता टाकल्या. आता आमच्याकडे पूजेतलं आयुध दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. मी हलवला नाही. माझा विजय रात्रभर गोंड्याच्या फुलांत निवांत पडून राहिला.

दसऱ्याच्या सकाळी उचलला, तर बंद. बॅटरी संपली असणार. चार्जर लावायला गेलो, तर पिन आत जाईना. चार्जिंगच्या भोकात अक्षतेचा एक दाणा ओल्या कुंकवासकट शिरला होता आणि रात्रीतून सिमेंट झाला होता.

मुलीने सरळ स्टूल घेतलं, वर चढली, खोकं खाली आणलं.

"अगं, दसरा अजून संपलेला नाही!" मी ओरडलो.

"सूर्य मावळेपर्यंत वाजला पाहिजे, अण्णा."

"माझ्यामुळे झालं काय रे?" अक्का रडकुंडीला आली. मी काडी घातली, ती आत तुटता तुटता राहिली. फुंकर मारली, कुंकू माझ्याच डोळ्यात गेलं. लढाईत वाचलेला वीर तांदळाच्या एका दाण्याने जाणार! मुलीने खोक्याची चिकटपट्टी सोलायला घेतली.

तेवढ्यात बायकोने माझ्या हातातून फोन ओढला. गोधडीची सुई घेतली, चष्मा लावला आणि खिडकीशी जाऊन बसली. कुणाला बोलू दिलं नाही. सुईचं टोक हळूच फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने लालपिवळा दाणा तिच्या पदरावर पडला. तिनेच चार्जर लावला. काच काळीच राहिली. अक्काने हात जोडले. आणि मग त्या काळोखात बॅटरीचं चित्र उगवलं.

मी टाळ्या पिटल्या, फोन कपाळाला लावला, वायरीसकट गिरकी घेतली. मुलगी मात्र आईकडे बघत राहिली.

"आई, ते खोकं तू रोज पुसत होतीस ना? मग आज कुणाच्या बाजूने?"

बायको सुई ओवता ओवता पटकन बोलून गेली, "पुसताना बाई रोज देवाला सांगत होते, हे उघडायची पाळी आणू नकोस. ग्रुपवर जाणाऱ्या त्या सगळ्या गोष्टी मग मला एकटीला ऐकाव्या लागल्या असत्या!"