सतरा नंबरची मेंढी

जूराकानला लोकर ओळखायला डोळे लागत नसत. दोन बोटांत चार धागे धरून जरा चोळले, की मेंढी कुठल्या उतारावर चरली, हिवाळ्यात उपाशी राहिली का आणि तिचा मालक किती खोटं बोलतोय, हे सगळं तिला कळायचं. सरकारी मेंढीफार्मवर तिनं बावीस वर्षं लोकरीची प्रतवारी केली. मग सरकारच बदललं. फार्म मोडला, मेंढ्या घरोघर वाटल्या गेल्या आणि त्या हुशार बोटांना चहाचे पेले विसळण्यापलीकडे काम उरलं नाही. दुसरी एखादी खचली असती. ही चिडली. खालून व्यापारी ट्रक घेऊन यायचे, चांगली-वाईट लोकर एकाच पोत्यात कोंबायचे आणि एकाच भावानं न्यायचे. ते पोतं बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून राजधानीतला सरकारी फंड शेतीला आणि धंद्याला भांडवल देतोय असं कळलं, तेव्हा गावातून पहिला अर्ज गेला तो तिचा. फंडानं चांगल्या लोकरीच्या चाळीस मेंढ्या दिल्या. प्रत्येकीच्या उजव्या कानात नंबराचा ॲल्युमिनियमचा बिल्ला. वर्षभर कळप नीट सांभाळला, तर पुढच्या हप्त्यात लोकर पिंजायचं यंत्र मिळणार होतं. गावातल्या सात बायका तिच्याबरोबर लोकर दाबून जेन, म्हणजे जाड नमदे, बनवायच्या, पण लोकर हातानं पिंजता पिंजता साऱ्यांचे खांदे निकामी व्हायची वेळ आली होती. यंत्र नारीन शहरातल्या फंडाच्या गोदामात येऊन पडलंही होतं. जूराकान दोनदा जाऊन त्याच्यावरून हात फिरवून आली. नवरा जुमाश म्हणाला, "लग्नाआधी मला एकदा तरी बघायला आली होतीस का?"

"तुला बघितलं असतं तर लग्नच केलं नसतं," ती म्हणाली.

तपासणी जूनच्या दुसऱ्या गुरुवारी ठरली. घरच्या मेंढ्या आधीच मेंढपाळाबरोबर उन्हाळी कुरणावर गेल्या होत्या, फंडाच्या चाळीस तेवढ्या तपासणीसाठी गोठ्यात ठेवलेल्या. बुधवारी जूराकान जनावरांच्या डॉक्टरचे कागद आणायला तालुक्याला गेली. संध्याकाळी परत आली, तर फाटकापाशी एक धुळकट जीप उभी, अंगणात मोठं पातेलं चुलीवर, आणि कुंपणावर एक ओलं कातडं.

"जुमाश, हे कातडं कुणाचं?"

"मेंढीचं."

"ते दिसतंय मला. कुठल्या मेंढीचं?"

जुमाश चुलीत लाकूड सारण्यात एकदम गढून गेला. "फंडाचा माणूस एक दिवस आधीच टपकला. घाटातला रस्ता मोकळा मिळाला म्हणे. आता घरात पाहुणा आणि आपल्या मेंढ्या डोंगरावर. मी काय करणार?"

"कोंबड्या होत्या ना, अरे!"

"मीही तेच म्हणालो. बाबा म्हणाले, एवढ्या लांबून आलेल्या माणसापुढे कोंबडी ठेवायची असेल तर आधी मला पुरा."

बाबा म्हणजे तिचे सासरे, एसेनकुल म्हातारबाबा. वय एक्क्याऐंशी. डोळे गेल्यात जमा, पण बोटं सुनेइतकीच शहाणी. फरक एवढाच, की सून लोकर चाचपायची आणि सासरे लोकरीखालची चरबी. त्यांनी गोठ्यात जाऊन एकेक पाठ चाचपली होती आणि सगळ्यांत लठ्ठ निवडली होती.

"नंबर कितीची?" जूराकाननं विचारलं.

"सतरा."

सतरा नंबर! अख्ख्या कळपात तिच्यासारखी लोकर दुसरीची नव्हती. नशीब एवढंच, की तिची कोकरी मागे होती.

जुमाश जवळ सरकला. "हे बघ, मोजणी उद्या सकाळी आहे. मी पलीकडच्या कोइचुबेकची एक मेंढी आणतो आणि बिल्ला ठोकतो तिच्या कानात. शहरातलं पोरगं ते. त्याला मेंढी आणि बकरी वेगळी सांगता आली तरी पुष्कळ."

खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला ते पटलं. गोदामातलं यंत्र डोळ्यांपुढे आलं. पण पाठोपाठ कोइचुबेकची मेंढीही आली.

"तिची लोकर म्हणजे खराट्याच्या काड्या," ती म्हणाली. "तिला सतरा नंबर म्हणू? बावीस वर्षांत वाईट लोकरीला चांगली म्हटलं नाही मी. पाहुण्याचं जेवण सुखानं होऊ दे, घासात खडा नको. मग माझं मीच सांगते. बिल्ला कुठाय?"

जुमाशनं कपाळावर हात मारला. "कानातच राहिला. डोकं पातेल्यात आहे."

आत फंडाचा माणूस मानाच्या जागी अवघडून बसला होता. नाव एर्किन, वय सव्वीस, आणि बुटांवर शहराची पॉलिश. आल्या आल्या तो म्हणाला होता, "आजोबा, आम्हाला चहा-पावापलीकडे काही चालत नाही. नियम आहे." त्यावर म्हातारबाबा म्हणाले होते, "मग नियम बाहेर आमच्या घोड्याशेजारी बांध आणि तू आत ये." एर्किन आत आला. खेड्यात वाढला नसला तरी शेवटी आपलंच रक्त. पातेल्याचा वास आल्यावर त्यानं आणखी वाद घातला नाही.

जेवण मांडलं. डोकं रीतीप्रमाणे सगळ्यांत वडीलधाऱ्यापुढे, म्हणजे म्हातारबाबांपुढे आलं. जुमाशनं ते बिल्ल्याचा कान खाली दबेल असं बेतानं ठेवलं होतं. बाबांनी ते चाचपलं, सावकाश फिरवलं आणि नेमका उजवाच कान कापला. कान बसलेल्यांत सगळ्यांत लहान असेल त्याला द्यायचा, त्यानं मोठ्यांचं ऐकावं म्हणून. या घरची पोरं मॉस्कोत बांधकामावर. सगळ्यांत लहान कोण, तर फंड!

"घे पोरा," बाबा म्हणाले. "मोठ्यांचं ऐकत जा."

एर्किननं दोन्ही हातांनी मान राखून कान घेतला आणि चावला. कट् असा आवाज झाला. जूराकाननं डोळे मिटले. एर्किननं तोंडातून काहीतरी काढलं, रुमालानं पुसलं, दिव्याजवळ धरलं.

"सतरा," त्यानं वाचलं.

मग जूराकाननं एका दमात सगळं सांगून टाकलं: डोंगरावर गेलेल्या घरच्या मेंढ्या, कोंबड्या, बाबांची बोटं. कोइचुबेकची मेंढीही सोडली नाही. जुमाश जमिनीत शिरायला जागा शोधत होता.

"म्हणजे मी फंडाची मालमत्ता खाल्ली?" एर्किनचा चेहरा उतरला.

"एकट्यानं कुठे?" बाबा म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी मदत केली की."

आधी एर्किनला हसू फुटलं, मग जुमाशला. जूराकानला मात्र हसू येईना.

सकाळी मोजणी झाली. एकोणचाळीस मेंढ्या, चौतीस कोकरं. एर्किननं छापील फॉर्म गुडघ्यावर घेतला. "दोनपर्यंत घट माफ आहे, मावशी, बिल्ला आणि कारण दाखवलं तर. बिल्ला तर मिळाला. कारणं इथे तीनच छापलीत. रोग, अपघात, लांडगा."

"लांडगा लिही," बाबा म्हणाले. "दोन पायांचा, शहरातून आलेला."

"लांडगा नको," जूराकान म्हणाली. "उगाच पुढच्या वर्षी मेंढपाळाच्या डोक्यावर खापर फुटेल. झालंय ते लिही. यंत्र गेलं तर गेलं." खरं तर तिला ते यंत्र फार हवं होतं. आपल्या बोटांना पुन्हा काहीतरी किंमत यावी म्हणून हवं होतं.

एर्किन थोडा वेळ पेन चावत बसला. मग त्यानं तिन्ही कारणांवर काट मारली आणि खाली हातानं लिहिलं, 'पाहुणा आला होता.' पाहुण्याच्या नावापुढे स्वतःचं नाव घातलं आणि सही केली.

"अरे, नोकरी जाईल तुझी!"

"मावशी, कान मी खाल्लाय. आता मोठ्यांचं ऐकायलाच हवं ना?"

अकरा आठवडे काही कळलं नाही. जूराकान दिवसातून दहादा रस्त्याकडे बघायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, ढग बघतेय. ऑगस्टच्या शेवटी ट्रक आला. ताडपत्रीखाली यंत्र, यंत्राला बांधलेली एक मेंढी आणि ड्रायव्हरशेजारी एर्किन.

"आमच्या डायरेक्टरबाईंनी बोलावून घेतलं," त्यानं खाली उतरताच सांगितलं. "फॉर्म दोनदा वाचला. त्याही डोंगराकडच्याच. एवढंच विचारलं, 'लठ्ठ होती का रे?' मी म्हटलं, होती. त्यांनी सही केली. वर म्हणाल्या, खाल्लीस तर भरून दे." त्यानं खिशातून बिल्ला काढला. "ही माझ्या पगारातून घेतलीय. हिला सतरा नंबर लावा."

जूराकाननं मेंढीची लोकर दोन बोटांत धरली. "कुणी फसवलं रे तुला? चौथी प्रत आहे ही." बिल्ला मात्र तिनं घेतला आणि सरळ गोठ्यात जाऊन सतरा नंबरच्या, घरीच ठेवून घेतलेल्या कोकरीच्या कानात लावला. परत येताना डोळे पुसायचंही तिनं लपवलं नाही. सातही बायका यंत्राभोवती जमल्या होत्या, पण पहिला हात कुणी लावत नव्हतं. तिची वाट बघत होत्या.

ट्रकपाशी म्हातारबाबा नव्या मेंढीची पाठ चाचपत होते. "जरा लुकडी आहे," ते म्हणाले, "पण आज भागेल. जुमाश, सुरी आण. आणि पोरा, तू कुठे निघालास? कान तुझाच आहे."