ती बाई कोणाला हसत होती

आमच्या वाचनालयाच्या जिन्यात, वळणावर, एक फोटो तीन वर्षं टांगलेला होता. समुद्राच्या काठी एक म्हातारी बाई जाळ्याचा दोर धरून उभी आहे आणि मान मागे टाकून हसते आहे. तोंडात पाच-सहाच दात, पण हसू सगळ्या अंगभर. वाचनालयाच्या छायाचित्र प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. फोटोखाली माझं नाव होतं.

तो फोटो मी काढलेला नाही. माझ्या मित्राने काढला. एवढं एक वाक्य बोलायला मला तीन वर्षं लागली, आणि मधल्या काळात मी जे बोललो ते याहून वाईट होतं. म्हणून सगळंच लिहून ठेवतो.

हा मित्र आणि मी एकाच आळीतले. तो मिरजोळ्याच्या कारखान्यात फिटर होता, मी सरकारी कचेरीत. दोघे एकाच वर्षी निवृत्त झालो. मुलीने मला मोठा कॅमेरा घेऊन दिला आणि मी फोटोग्राफर झालो. म्हणजे खूप खिशांचं एक जाकीट शिवून घेतलं. मित्राच्या मुलाने आपला जुना, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा त्याला दिला, आणि तोही माझ्यामागून यायला लागला. रोज सकाळी साडेसहाला आळीच्या कोपऱ्यावर भेटायचं, माझ्या स्कूटरवरून मांडवी, भाट्ये, कधी लांब कुठेतरी.

त्याचे फोटो म्हणजे आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींची करमणूक होती. मावळता सूर्य नीट उजळावा म्हणून तो फ्लॅश मारायचा. एसटीच्या खिडकीतून घाट टिपायचा आणि त्यात घाटापेक्षा त्याचं नाक स्पष्ट यायचं. समुद्र हमखास तिरका, एका बाजूने सांडतोय की काय असं वाटावं. एकदा मांडवीच्या जेटीवर कोल्हापूरच्या एका कुटुंबाने त्याला आपला फोन दिला, "काका, आमचा एक काढा की." याने उत्साहाने दहा-बारा काढले. त्या गृहस्थाने फोन बघितला आणि शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही झकास आलाय. आम्ही कुठं आहोत?" फोनचा कॅमेरा याच्याच तोंडाकडे वळलेला होता. सगळ्या फोटोंत भुवया.

पण त्याची खरी खोड सावलीची. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. सकाळी समुद्राकडे तोंड केलं की ऊन पाठीवर येतं आणि आपली सावली लांबलचक पुढे पडते. हे त्याला शंभरदा सांगितलं. तरी त्याच्या सकाळच्या प्रत्येक फोटोत खालून वर त्याची सावली यायचीच: कान वर दुमडलेली माकडटोपी, कॅमेरा धरल्यामुळे दोन्ही कोपरं बाहेर. दोन कानांच्या टोपासारखी दिसायची.

"मेल्या, बस तरी खाली," मी म्हणायचो.

"गुडघे बसतात, मग उठत नाहीत," तो म्हणायचा. "आणि असू दे की. मी तिथे होतो एवढं तरी कळेल."

माझ्याही चुका काही कमी नव्हत्या, पण त्या मी सांगत नसे. मागे मागे सरकत एकदा मी हळदीकुंकवाहून येणाऱ्या बायकांच्या घोळक्यात शिरलो होतो. एका शोकसभेत सवयीने "हसा जरा" म्हणालो होतो. आणि सगळ्यांत मोठी खोड ही की लोकांना कामं थांबवून उभं करायचो. हा हात असा धरा, पुन्हा एकदा चाला, इकडे बघू नका. मित्र म्हणायचा, "तू कचेरीतून सुटलास, पण कचेरी तुझ्यातून सुटली नाही."

वाचनालयाच्या प्रदर्शनात आम्ही दोघे दरवर्षी फोटो द्यायचो. माझा लागायचा, पण बक्षीस नाही. त्याचा लागायचासुद्धा नाही. चार वर्षं परत आला, चारही वेळा सावलीपायी. तो हसण्यावारी न्यायचा. मात्र एकदा स्कूटरवर मागे बसून म्हणाला होता, "एकदा त्या भिंतीवर आपलं नाव बघायचं आहे रे. बायकोला वाटतं, मी सकाळी नुसता उंडारतो."

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही मालगुंडला गेलो. किनाऱ्यावर रापण लागली होती. समुद्रात लांबवर सोडलेलं मोठं जाळं काठावरून दोन बाजूंनी दोर धरून ओढतात, ती रापण. वीस-पंचवीस माणसं ओढत होती, त्यांत ही म्हातारी. माझ्या मनात चित्र तयार झालं, पण माणसं काही त्या चित्राप्रमाणे उभी राहीनात. मी गळ्यातला कॅमेरा काढून मित्राच्या हातात दिला.

"धर. कशाला हात लावू नकोस."

आणि मी पाण्याकडे गेलो. म्हातारीला म्हटलं, आजी, जरा या बाजूला तोंड करा, आणि दोर थोडा सैल सोडून पुन्हा ओढा.

ती माझ्या जाकिटाकडे बघत राहिली. "सोडू? आणि मासे काय तुमच्या त्या खिशांत येतील?"

बाकीचे हसले. ती म्हणाली, "नुसतं सांगू नका, दादा. धरा. ओढून बघा."

मी इभ्रतीपायी दोर धरला. तेवढ्यात लाट आली, जाळं मागे गेलं, माझ्या पायांखालची वाळू सरकली आणि मी खिशांसकट पाण्यात बसलो. पडलो असंही म्हणता येणार नाही. पाटावर बसावं तसा मांडी घालून बसलो. म्हातारीने मान मागे टाकली आणि ती हसायला लागली.

मित्राने तेव्हा बटण दाबलं. एकदाच.

परतताना आरे-वारेच्या चढावर आम्ही थांबलो, माझी विजार वाळवायला. कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर दोघांनी तो फोटो बघितला. मधोमध म्हातारी. डाव्या कोपऱ्यात फेसात बसलेला मी, तोंड उघडं. आणि खाली ओल्या वाळूवर, म्हातारीच्या पायांपर्यंत पोचलेली दोन कानांची सावली. आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. मग तो म्हणाला, "चांगला आलाय ना रे? खरं सांग."

"चांगला आलाय."

"प्रदर्शनाला देऊ या हा. माझ्या नावाने. कॅमेरा तुझा आहे म्हणा, पण..."

"कॅमेऱ्याचं काय? दाबलंस तू. मी भरतो फॉर्म."

हे मी कबूल केलं होतं. यात कुठेही गैरसमज नव्हता, हे मुद्दाम लिहितो.

फॉर्म भरायला बसलो तेव्हा फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. इतका चांगला फोटो माझ्या हातून कधी आला नव्हता. माझ्या मनात आलं, जागा मी शोधली, कॅमेरा माझा, त्यावरचे आकडे मी लावून दिलेले. त्याने काय केलं, बोट ठेवलं. आणि ती हसली तीही माझ्यामुळेच. असं करत करत मी आधी डावी बाजू कापली, त्यात मी गेलो. मग खालची पट्टी कापली, त्यात तो गेला. समुद्र सरळ केला. छायाचित्रकाराचे नाव, या जागी माझं नाव लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं.

त्याला म्हटलं, फोटो दिला आहे; पुढे म्हटलं, लागलाही आहे. हे खरंच होतं.

बक्षीस जाहीर झालं त्या संध्याकाळी परीक्षकांनी मला व्यासपीठावर विचारलं, "इतकं मोकळं हसू तुम्हाला मिळालं कसं?" मी माइक हातात घेऊन म्हणालो, "माणसांचा विश्वास संपादन करावा लागतो." टाळ्या झाल्या. मला शाल घातली.

तेव्हा मित्र सभागृहात नव्हता. त्याची बहीण सावर्ड्याहून यायची होती, तिची गाडी उशिरा आली. आपला फोटो लागलाय म्हणून त्याने तिला बोलावून घेतलं होतं. मी व्यासपीठावरून उतरलो तेव्हा तिघे फोटोसमोर उभे होते: तो, त्याची बायको, बहीण. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बहीण खालची चिठ्ठी वाचत होती, पुन्हा पुन्हा, नाव कुठेतरी दुसरीकडे लिहिलेलं असेल अशा आशेने.

मी खांद्यावर शाल घेऊन तिथे पोचलो. काय बोलणार होतो मला आठवत नाही. तो चिठ्ठीकडे बघतच नव्हता. फोटोच्या खालच्या कडेकडे बघत होता.

"सावली कुठे गेली?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तांत्रिक कारणाने थोडं कापावं लागलं."

त्याची बायको म्हणाली, "छान आलाय हो फोटो, भावोजी." आणि तिने बहिणीचा हात धरला. तिघे जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो कोपऱ्यावर आला नाही. नंतरही नाही. आता इथवर जे केलं ते हावेपोटी केलं असं म्हणून कोणी माफ करील. पुढचं मात्र मी विचार करून केलं. फिरायला येणारी मंडळी विचारायला लागली, तुमचा जोडीदार कुठे? मी सुस्कारा टाकला आणि म्हणालो, "त्याला माझं बक्षीस सहन झालं नाही. इतक्या वर्षांची मैत्री. माणूस ओळखता येत नाही हो."

हे मी अशा आवाजात सांगायचो की ऐकणाऱ्याला माझी कीव यावी. यायची. काही दिवसांनी तर मला स्वतःलाच ते पटायला लागलं. खरोखर मला वाटायचं, त्याने मला दगा दिला. एका फोटोसाठी मला सोडून गेला.

गोष्ट आळीभर झाली. तो जळका ठरला. वर्षभराने मी औषधांच्या दुकानात उभा होतो, शेजारी तो. आमच्यातल्याच एकाने मागून येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय हो, जळणं संपलं का नाही अजून? आता दोघे उभे आहात तर हात मिळवा."

मित्राने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी आता काहीतरी बोलेन, अशी वाट बघत त्याने बघितलं. मी पिशवीत चष्मा शोधला. चष्मा नाकावर होता.

त्याने गोळ्यांची पुडी उचलली आणि तो गेला.

ते बघणं माझ्या मागे लागलं. तरीही आणखी दोन वर्षं काढली. या गणपतीनंतर मी अखेर न कापलेल्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली आणि त्याच्या घरी गेलो. तो पडवीत पळी करायला करवंटी घासत बसला होता. मी सगळं बोललो. चुकलो म्हटलं. पाकीट पुढे केलं. त्याने ते उघडलं नाही.

"मला कशाला दाखवतोस? मी होतो तिथे."

"मग मी काय करू, सांग."

"मला जळका म्हणालास तेव्हा माझ्या घरी येऊन म्हणालास का? चारचौघांत म्हणालास. तिथेच जाऊन सांग." मग करवंटीवर फुंकर मारून म्हणाला, "आणि लिहिलंस तर माझं नाव घालू नकोस. लोक यायचे बघायला."

त्याची बायको चहा घेऊन आली. एकच कप होता, माझ्यासाठी. पाहुण्याला देतात तसा, बशीसकट. या घरात मला कधी कोणी बशी दिली नव्हती.

मी फिरायच्या मंडळींना सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. एक म्हणाला, "जाऊ द्या हो, जुनं झालं." ज्याने थाप मारली होती तो पुढे चालत गेला. वाचनालयात अर्ज दिला, शाल परत केली. त्यांना शालीचं काय करावं कळेना. शेवटी जुना फोटो उतरवून त्यांनी अख्खा फोटो लावू दिला, खाली त्याचं नाव. मी इथे ते लिहिणार नाही, जिन्यात वाचता येईल.

आता जिना चढणाऱ्या कोणालाही कळतं की ती बाई कोणाला हसते आहे. परवा शाळेच्या मुली समोर उभ्या राहून हसत होत्या. त्यांतली एक वळली, तिने मला बघितलं, मग फोटोकडे, मग परत मला.

तो स्वतः आला की नाही, मला माहीत नव्हतं. आठवड्यापूर्वी त्याच्या बायकोचा फोन आला.

"भावोजी, हे म्हणतात, फोटो तिरका लागलाय."

मी लगेच गेलो. पट्टी लावून बघितली. चौकट अगदी सरळ होती. तिरका आत समुद्र होता, डावीकडे कललेला, माझ्या अंगावर सांडतोय असा. कापताना मीच तो सरळ केला होता, हे मी विसरलो होतो.

मी फोन करून सांगितलं, "वहिनी, त्याला सांगा, त्याने काढलाय तसाच लावलाय."

"सांगते," त्या म्हणाल्या.

उलट निरोप आलेला नाही. साडेसहाला मी कोपऱ्यावर थोडा वेळ थांबतो. तो मागच्या रस्त्याने जातो, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा मनगटाला अडकवून. कोपऱ्यावरून त्याची टोपी दिसते.