अप्पांचा मुका कॅमेरा

केजच्या छापखान्यात मी एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते, तेव्हा नेकनूरहून अप्पांच्या बायकोचा, महानंदाकाकूंचा फोन आला. "दुपारी जेवून आडवे झाले, आन् उठलेच न्हाईत गं…" मी फोन ठेवला आणि उरलेल्या चार ओळी वाचून त्यातल्या दोन चुका दुरुस्तही केल्या. हात आपलं काम करत राहतात. मग बाहेर येऊन जीपमध्ये बसले. ड्रायव्हरला कळलं होतं, त्यामुळे पाच मिनिटांत साऱ्या जीपला कळलं की प्रभूअप्पा फोटोवाले गेले. पुढचा सगळा रस्ता प्रत्येकजण आपापला फोटो सांगत होता. मागच्या सीटवरच्या एक आजी म्हणाल्या, "माझ्या तिन्ही लेकींच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. एकीला बी गोरं करून दिलं न्हाई बघा. म्हणायचे, जे हाय ते लई चांगलं हाय." नेकनूर येईपर्यंत जीप हसत होती. मीही.

अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात. भस्म लावून, बेल वाहून अप्पांना बसवलं… मांडी घालून, पाठ ताठ, अगदी माळावर कॅमेऱ्यामागे बसायचे तसं. माझ्या शेजारी बिरूमामा उभे होते. हे धनगर, जन्मभर त्या माळावर मेंढरं राखणारे, अप्पांचे जिवलग आणि रोजचे भांडणारे. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आता बसू द्या किती बी. पाय न्हाईत दुखायचे." त्यांचे डोळे वाहत होते आणि मिशी हसत होती. आज महिना उलटून गेला, पण अप्पांवर लिहायला बसले की माझंही तसंच होतं.

अप्पांचा स्टुडिओ नेकनूरच्या बाजाराच्या तोंडाशी. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी लग्नं, बारशी आणि शाळेच्या दाखल्याचे फोटो काढले. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी मिररलेस कॅमेरा घेतला, तोही लग्नांसाठीच. जुन्या कॅमेऱ्यात आरसा असतो, प्रत्येक फोटोला तो उचलून आपटतो, म्हणून खटॅक आवाज येतो. ह्यात आरसाच नाही आणि हवा तर आवाजही नाही. पहिलंच लग्न गेवराईकडे, उमापूरला. अप्पांनी हौसेने आवाज बंद ठेवला. झालं असं, की नवरा-नवरी हसून उभे राहिले ते उभेच. गालफडं दुखायला लागली तरी हलेनात, कारण फोटो निघाल्याचं कुणाला ऐकूच आलं नव्हतं. शेवटी नवरीचा मामा ओरडला, "अप्पा, काढा की! कावून थांबलाव?" अप्पांनी तोवर वीस फोटो काढले होते. सांगून कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी उरलेलं सगळं लग्न तोंडाने "खटॅक, खटॅक" करत काढलं. काकूंनी त्या दिवसापासून त्याचं नाव ठेवलं, मुका कॅमेरा.

पण लग्नात जो मुकेपणा नडला, तोच माळावर कामी आला. एका सकाळी अप्पा सहज माळावर गेले. काळविटांचा कळप चरत होता. पूर्वी पहिल्या खटॅकलाच माना वर व्हायच्या आणि दुसऱ्याला कळप दिसेनासा व्हायचा. त्या दिवशी त्यांनी तासभर फोटो काढले आणि एकाही काळविटाने चरणं थांबवलं नाही. "पोरी, पयल्यांदा मला असं वाटलं," ते मला पुढे सांगायचे, "की मी तिथं न्हाईच. आन् लई बरं वाटलं." त्यानंतर ते आठवड्यातून चार सकाळी माळावर असायचे. त्या यंत्राच्या खोड्या त्यांनी एकेक करून शिकून घेतल्या. बॅटरी भराभर उतरते, म्हणून थंडीत जास्तीच्या बॅटऱ्या बंडीच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. भिंग बदलताना आत धूळ जाते आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा, म्हणून माळावर भिंग बदलायचंच नाही, घरून ठरवून निघायचं. कॅमेरा जनावराचा डोळा आपोआप हेरतो याचं त्यांना फार कौतुक होतं. तक्रार एकच, "ह्याला काळवीट आन् बिरूची शेळी सारखीच." एकदा त्यांनी घाटमाथ्यावरच्या पवनचक्क्या मुक्या पद्धतीने काढल्या, तर पाती विळ्यासारखी वाकलेली आली. चित्र वरून खाली एकेक ओळ टिपलं जातं, तोवर पातं फिरून जातं. बिरूमामा फोटो बघून म्हणाले, "अप्पा, कंपनीला कळवा, त्यांचं लोखंड मऊ निघालं."

माझी आणि अप्पांची ओळख त्या माळामुळेच. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीतले, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. त्यामुळे नेकनूरच्या वरच्या माळावर खडी फोडायचा कारखाना येणार आणि कागदावर त्या जमिनीला "पडीक, वन्यजीव नाहीत" असं लिहिलंय, हे कळलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी अप्पांच्या स्टुडिओत हजर झाले. पडीक हा शब्द मला शिवीसारखा लागतो. जिथे काळवीट चरतं, माळढोक नसला तरी चंडोल गातो, शेकडो मेंढरं पोट भरतात, ती जमीन पडीक? पडीक असते ती लिहिणाऱ्याची नजर. हे सगळं मी उभ्या उभ्याच बोलले. अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं का भाषण? आता चप्पल बदल. काट्याचं हाय तिकडं. चला, पत्रकबाई."

हे नाव मला शेवटपर्यंत चिकटलं. पत्रकबाई पुढच्या दोन महिन्यांत गप्प बसणं नावाची गोष्ट शिकली, फार वाईट रीतीने. हिवाळा सरत आला असताना एका पहाटे अप्पांनी मला लांबून, भिंगातून, एक लांडगी दाखवली. माळावर एकच कडुलिंब असलेली एक टेकडी आहे, सगळे तिला लिंबाचं टेकाड म्हणतात. तिच्या मागच्या बाजूला, ओढ्याच्या दरडीत लांडगीचं बीळ होतं आणि आत पिल्लं होती. अप्पा त्या पिल्लांसाठी तीन वर्षं थांबले होते. दरवर्षी कधी बीळ सापडायचं नाही, कधी सापडायचं तेव्हा रिकामं असायचं. "औंदा बघ," ते म्हणाले, "पंधरा दिसांत बाहेर येऊन खेळत्याल. कवळं ऊन, पिवळं गवत… आन् ह्याचा आवाज न्हाई. तेवढा एक फोटो झाला की मी कॅमेरा ठेवून द्यायला मोकळा." माणसाने आयुष्याकडून इतकी साधी गोष्ट मागितलेली मी कधी पाहिलेली नाही.

पत्रकासाठी त्यांनी मला दोन फोटो दाखवायला पाठवले. एक लांडगीचा चेहरा, मागचं सगळं धूसर. दुसऱ्यात लांडगी लहान, आणि भोवती सगळा माळ, उजवीकडे टेकडी. "पयला छाप. दुसरा नको," त्यांनी बजावलं. मी दुसरा छापला. माझं म्हणणं असं की लढाई जमिनीची आहे, नुसता चेहरा काय, तो कुठल्याही प्राणिसंग्रहालयातला म्हणतील. खाली गावाचं नाव घातलं नाही, "बालाघाटातील एक माळ" एवढंच लिहिलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. हजार प्रती काढल्या आणि बाजाराच्या दिवशी नेकनूरमध्ये स्वतः वाटल्या.

बिरूमामांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी पत्रक हातात घेतलं आणि म्हणाले, "हे तर आमचं लिंबाचं टेकाड हाय."

"मामा, तुम्ही कागद उलटा धरलाय."

"उलटा धरला म्हणून काय झालं? बाप उलटा निजला तर वळखू येत न्हाई व्हय?"

पाठीमागून आणखी तिघांनी तेच सांगितलं. ज्या माळाला मी निनावी समजत होते, त्याची ओळख बाजारातल्या निम्म्या माणसांना होती. संध्याकाळपर्यंत पोरांनी मोटारसायकली काढायचं ठरवलं होतं, आणि ज्यांची कोकरं लांडग्याने नेली होती असे दोघेजण बिळात धूर करायची भाषा बोलत होते. मी स्टुडिओत गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. अप्पांनी पत्रक उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, "किती छापली?"

"हजार."

"बरं झालं, तुझ्याकडं दोन हजाराचा कागद नव्हता." आणि आत वळून, "महानंदा, उद्यापासून दशम्या बांध. चौघांच्या बांध, बघणारे बी येत्याल."

दुसऱ्या दिवशी उजाडताना अप्पा टेकडीच्या पुढच्या बाजूला बसलेले होते. तिथे साळिंदराचं एक जुनं, रिकामं बीळ होतं. त्याच्यापासून शंभर पावलांवर त्यांनी तिवई रोवली, सगळ्यात मोठं भिंग लावलं, ते त्या रिकाम्या बिळावर रोखलं आणि दगडांची एक रेघ आखली. मला काही कळेना. पहिल्या पाच मोटारसायकली आल्या, पोरं आपसूक अप्पांच्या मागे दबकत येऊन बसली आणि मग मला कळलं. कुणीही मागच्या ओढ्याकडे गेलं नाही. कशाला जातील? एवढा मोठा फोटोवाला एवढं मोठं भिंग घेऊन इकडे बघतोय, म्हणजे लांडगा इकडेच.

"अप्पा, दिसला का?" कुजबुज व्हायची.

"आत्ताच आत गेला," अप्पा डोळा न हलवता सांगायचे.

एकाही नवरीला गोरं न केलेला माणूस! नऊ सकाळी तो खोटं बोलत बसला. धुराची भाषा करणारे दोघेही आले. अप्पांनी त्यांना रेघेच्या आत, मानाने आपल्याजवळ बसवलं, भिंगातून बघू दिलं, दशमी खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी त्यातलाच एक जण इतरांना दटावत होता, "गप बसा बे! बाहेर यायलाय वाटतं." पलीकडे ओढ्याच्या बाजूला बिरूमामांनी मेंढरं आणि दोन कुत्री अशी राखली होती की वाट चुकलेला माणूसही तिथे पोचला नसता. स्वतःची दोन कोकरं गेलेला माणूस, लांडगीला रोज आई-बहिणीवरून शिव्या घालत तिच्या पिल्लांची राखण करत होता. मी विचारलं तर म्हणाले, "माझं भांडण तिच्यासंगं हाय. लेकरांसंगं न्हाई."

पाचव्या दिवशी त्यांनीच हळूच निरोप आणला, की पिल्लं बाहेर यायला लागली आहेत. ऊन अगदी अप्पांना हवं तसं होतं. माझा जीव राहीना. म्हटलं, "अप्पा, चूक माझी आहे. मी बसते इथे भिंगामागे. तुम्ही पलीकडे जा."

"तुझ्यामागं कोण बसंल?" ते म्हणाले. "तू अर्ध्या तासात भाषण सुरू करशील." मग जरा थांबून, "भिंग जिकडं, माणसं तिकडं, पोरी. मी उठलो की सगळी उठत्याल. दुसरा कॅमेरा घेऊन गेलो तरी माग काढत येत्याल." आणि त्यांनी पुन्हा डोळा लावला. टेकडीपलीकडे, हाकेच्या अंतरावर, तीन वर्षांचा फोटो खेळत होता. अप्पा रिकाम्या बिळाकडे बघत होते… मी त्यांच्या चेहऱ्यावर दुःख शोधलं. खरं सांगते, सापडलं नाही. ते त्या खेळात रंगले होते. कधी मधेच श्वास रोखायचे, तर मागची वीस माणसं श्वास रोखायची.

दहाव्या सकाळी बिरूमामा टेकडीवरून धावत आले. अप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "गेली. तांबडं फुटायला एकेकाला तोंडात धरून नेलं. चार हायत." कुठे नेलं तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, एवढं तरी शिकले आहे.

"चार!" अप्पा म्हणाले. "फोटो काढलास का बे?"

"मोबाईल हाटेलात चार्जिंगला हाय."

अप्पा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर दोन हिवाळे त्यांनी माळ तुडवला, पण पिल्लांचा फोटो काही झाला नाही. कॅमेरा ठेवून देणं त्यामुळे त्यांना जमलं नाही, याबद्दल काकू लांडगीला दोष देतात. खडीच्या कारखान्याची फाईल अजून इकडून तिकडे फिरते आहे. त्या "पडीक" शब्दावर काट मारून घेतल्याशिवाय मी थांबणार नाही, आणि यापुढे माझ्या कुठल्याही पत्रकावर टेकडी दिसणार नाही.

स्टुडिओ आता काकू चालवतात. मागच्या आठवड्यात मी गेले होते. त्या नऊ दिवसांत अप्पांनी रिकाम्या बिळाचेही फोटो काढले होते, रोज, नेमाने. त्यातला एक काकूंनी मोठा करून नवरा-नवरींच्या फोटोंच्या मधोमध लावलाय. पिवळं गवत, बोराटीचं एक झुडूप, तिरपं ऊन, बिळाचं काळं तोंड, बाकी काही नाही. येणाऱ्या प्रत्येकाला मात्र त्यात लांडगा दिसतो. कुणाला बोराटीमागे कान दिसतो, कुणाला बिळात डोळे. दाखल्याच्या फोटोला आलेला एक माणूस बराच वेळ बघत राहिला, मग त्याने काकूंना विचारलं, आणि काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. ही व्हती तिथं."

"बाई, तुमची पत्रकं वाचतो मी," तो म्हणाला. "तुमी काय खोटं लिहीत न्हाईत. खरं सांगा, ह्यात लांडगा हाय का?"

मी फोटोजवळ गेले. अप्पा बसायचे तशी, श्वास रोखून, नीट पाहिलं.

"आत्ताच आत गेला," मी म्हणाले.