मुन्शी घाटावर धरलेला हात

त्या सकाळी मी घरून निघाले ती परत न येण्याच्या विचारानेच. सुनेला म्हटलं, जरा चालून येते. पिशवीत दोन साड्या होत्या आणि भावाकडे नगरला जायचं तिकीट.

यांना लकवा मारून आठ महिने झाले होते. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेला, त्या नोकरीपायी इकडे उत्तरेत स्थायिक झालेला, बोलका माणूस. त्यांची वाचाच गेली. डावा हात तेवढा चालतो, आणि त्याच हाताने आदल्या दिवशी त्यांनी पेजेची वाटी माझ्या अंगावर फेकली होती. आजारपणातही साथ सोडणार नाही, असं लग्नात पाळकसाहेबांसमोर मी वचन दिलं होतं. ते आठवत होतं, पण माझ्यातली दया संपली होती. प्रभूजवळ काही मागायचंही मी सोडून दिलं होतं.

गाडीला वेळ होता म्हणून गंगेवरच्या मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसले. खाली एक म्हातारी आपल्या आंधळ्या नवऱ्याला अंघोळ घालत होती. बोलणं मराठी, मधूनच हिंदी. इथलीच जुनी माणसं असावीत.

"पाणी किती थंड आहे," ते कुरकुरले.

"मग गंगेला गीझर लावू? सुबह-सुबह चल म्हणून तुम्हीच मागे लागलात."

"तुझी जीभ तेवढी गरम आहे."

मला हसू आलं. म्हातारीने ते पाहिलं. नवरा डुबकी मारून पाण्याखाली होता, तेवढ्यात ती मला म्हणाली, "हसताय म्हणजे मराठी कळतंय. बाई, जरा यांचा हात धरा, धोतर वरच राहिलं."

परक्या पुरुषाचा हात धरायला मला संकोच वाटला, पण धरला. ती वर गेलेली त्यांना कळलंच नसावं. ते हळूच म्हणाले, "काल फार बोललो तुला. अगं, राग माझा मलाच येतो, आणि समोर तूच असतेस. जाऊ नकोस कुठे."

मी हात धरून रडत उभी राहिले. यांना बोलता आलं असतं तर हेच बोलले असते, असं मला वाटलं.

म्हातारी परत आली. "काय म्हणत होते?"

"तुमची माफी मागत होते."

"माझी?" ती नवऱ्याकडे बघतच राहिली. "मी असताना कधी मागितली नाही ती."

घरी आले तेव्हा यांची नजर दाराकडेच होती. मी पिशवी ठेवली, पाणी कोमट केलं आणि त्यांचे पाय धुतले. रोज धुवायचे, पण काम उरकल्यासारखे. त्या दिवशी आठवलं, आपल्याला सोडून पळणार हे ठाऊक असूनही प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते. तशी पळणारी मीच होते. यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

ते अजून बोलत नाहीत. कधी वाटीही ढकलतात. यांना पूर्वीसारखं कर, असा हट्ट मी आता प्रभूजवळ धरत नाही. दया माझ्यापाशी साठवलेली नाही, हे मला कळलं आहे. म्हणून सकाळी उठले की त्या दिवसापुरती मागून घेते. आजवर एकही दिवस त्याने मला रिकामं पाठवलेलं नाही.