मामांच्या हातावरचा गोल

चहा घ्या आधी. माझा हा पराक्रम कोरड्या घशानं ऐकायचा नाही, आणि आमच्या हिच्यासमोर तर काढायचाच नाही.

झालं काय, माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. त्यांनी दुखणं अंगावर काढलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप भरला. धामणगाव बढ्याला दवाखान्यात नेलं. अँटिबायोटिकचं इंजेक्शन लगेच द्यायचं ठरलं. पण ॲलर्जी आहे का ते बघायला सिस्टरांनी आधी थेंबभर औषध हातात टोचलं. मी नेमका तेव्हा बाहेर गाडी लावत होतो!

आत आलो तर मामा डोळे मिटून पडलेले. हातावर बारीक फुगवटा, भोवती पेनानं काढलेला गोल. इंजेक्शन दिलं आणि चोळलं नाही? गाठ बसेल ना! मी लागलो चोळायला. जावई माणूस, हात राखून कसा चोळणार? गोल ओल्या रुमालानं पुसला. वर खिशातला बाम लावला.

सिस्टर आल्या आणि थबकल्याच. "डॉक्टर, लवकर या. हात लालभडक झाला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हे औषध यांना चालणार नाही. बुलढाण्याला हलवा."

ही रडायला लागली. पाय तर काळानिळा पडत चाललेला.  हिला धीर द्यावा म्हणून म्हणालो, "घाबरू नको. मी चांगलं चोळून ठेवलंय, गाठ काही बसत नाही."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काऊन चोळलं?" सिस्टर म्हणाल्या. "मी बाबाले बजावून गेली होती, हात लावू नका म्हणून."

मामा डोळे न उघडता म्हणाले, "मले सांगतलं होतं. मी कुठं लावला?"

मग दुसऱ्या हातावर पुन्हा टोचलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. स्वतःच्या दहावीच्या निकालालाही मी एवढा घाबरलो नव्हतो. शेवटी डॉक्टर बाहेर आले, "काही झालं नाही. चालतंय औषध." खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

ताप उतरला, सूज ओसरली. घरी सोडताना डॉक्टरांनी मामांना समजावलं, "पुढं कुठल्याही दवाखान्यात ॲलर्जीचं विचारतील. या औषधाची नाही म्हणून सांगा."

"सांगतो ना," मामा म्हणाले. "औषधाची नाई, जवायाची हाये."