ईथ झीरोचा हट्ट

आमच्या ह्यांचा धंदा मोडीत निघालेल्या संगणकांत लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून ते पुन्हा कामाला लावण्याचा. हात चांगला, जीभ तिखट, आणि मनात धाकट्या भावाबद्दल नुसता जळफळाट. माझ्याही मनात आहे, कशाला लपवू? भावोजी दुकानात बसायला लागल्यापासून गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "धाकटे आहेत का?" आणि त्यांना शिकवलं कोणी? ह्यांनीच.

एक वाचनालय तेवढं अजून ह्यांचं होतं. तिथल्या ग्रंथपालबाई फक्त ह्यांनाच बोलवायच्या; वाचनालयाची एक किल्लीसुद्धा ह्यांच्याकडे दिलेली. वाचनालयाच्या जुन्या संगणकात नेटवर्कची दोन कार्डं, प्रत्येकाचा एक पोर्ट: एकात बाहेरून आलेली लाइन, दुसऱ्यातून वाचनकक्षाला जोडणी. संगणक दुकानात आणून ह्यांनी त्यावर नवं लिनक्स चढवलं, तर त्यानं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसलंय ते पाहून पोर्टांना लांबलचक नावं दिली. ह्यांचं डोकंच फिरलं. जन्मभर पहिल्या-दुसऱ्या पोर्टाला 'ईथ झीरो' न् 'ईथ वन' म्हटलेलं!

जुनी नावं परत आणायची सोय असते. ती करायला बसले तर भावोजी म्हणाले, "दादा, ह्यात कार्डं दोन आहेत. जुन्या पद्धतीत जे आधी सापडेल ते ईथ झीरो. उद्या उलटं सापडलं तर? स्लॉटवरची नावं राहू दे."

"वा! गुरूची विद्या गुरूलाच?" म्हणत ह्यांनी जुनी नावंच लावली.

खरं सांगते, ऐकून मला गारगार वाटलं.

दुकानात सगळं नीट चाललं. वाचनालयात बाईंनी संगणक सुरू केला आणि नावांची अदलाबदल झाली. बाहेरच्या लाइनचं सेटिंग वाचनकक्षाच्या पोर्टाला लागलं, सगळं ठप्प. बाईंनी फोन केला तेव्हा हे दुसरीकडे कामात अडकलेले, म्हणून भावोजी धावले. स्लॉटवरची नावं परत आणली आणि बाईंना म्हणाले, "दादानंच फोनवर सांगितलं काय करायचं ते."

धडधडीत खोटं. त्यापेक्षा चुगली केली असती तर कडाकडा भांडता तरी आलं असतं!

संध्याकाळी बाईंचा फोन आला. तोंडभरून कौतुक. "तुम्ही नुसतं सांगता आणि ते लगेच करतात. आता उगाच जिने चढत येऊ नका. ह्यापुढे धाकट्यांनाच पाठवत जा."

बाईंना खरं काय ते सांगायचं, तर ह्यांना स्वतःची चूक कबूल करावी लागली असती. हे "बरं" म्हणाले. मग जुडग्यातून वाचनालयाची किल्ली काढली आणि समोर बसलेल्या भावोजींकडे सरकवली.