बंद केलेली सिस्टिम

चाकणजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यातल्या मशीन ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायच्या, ती बनवणाऱ्या कंपनीनं बंद केली. मशीन धडधाकट होत्या. पण आतला कॉम्प्युटर बिघडला की तसा दुसरा मिळत नव्हता आणि नव्यावर ती सिस्टिम चढत नव्हती. मी कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं, "नवीन मशीन घ्या."

त्या उत्तराचा मला फार राग आला. रविवारी मी दोघांना काळेवाडीतल्या माझ्या घरी बोलावलं. एक आमच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले मामा, दुसऱ्या आकुर्डीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडम. तशीच सिस्टिम आपण नव्यानं लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवायची का, हे ठरवायचं होतं.

"वर्षानुवर्षं जातील," मॅडम म्हणाल्या. "आणि कंपनीचा कोड आपल्याला बघताही येणार नाही."

"कोड कशाला पायजे?" मामा म्हणाले. "ती काय करती, कुठं अडती, समदं मला ठावं हाय. मी सांगतो, तुमी लिवा."

"अर्ध्यात राहिलं तर?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की. खुलं हाय म्हटल्यावर दुसरं कुनी पुढं न्हेईल."

मॅडमनी वही उघडली. "सांगा, सुरू झाल्यावर ती पहिल्यांदा काय करते?"

आज आमची सिस्टिम एकच मशीन चालवते, तीही हळू. परवा कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, "याला काही भविष्य नाही." मी मशीनमधून नुकताच निघालेला पार्ट त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "मापून बघा."